कॅल्शियमवर पाळत

गहू भिजत घातलाय. पातेल्याला फडकं बांधून ते धुण्याच्या कट्ट्याखाली ढकललंय. आंबट वास सुटला असणार. ‘असणार’ म्हणते, कारण मला तो येत नाही. ह्यांना विचारलं, तर म्हणतात, “येतोय की, चांगला येतोय.” पण लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नवऱ्याच्या ‘चांगला’वर विश्वास ठेवण्याइतकी मी भोळी नाही. म्हणून समोरच्या गोखलेबाईंना बोलावते आणि फडकं सोडून दाखवते. त्या पदर नाकाला लावून दोन पावलं मागे सरकल्या की समजायचं, गहू वाटायला झाला. पुण्यात प्रामाणिक मत हवं असेल तर शेजारणीकडे जावं. तिथे ते न मागताही मिळतं.

वाळवणाचा मोसम हा मुळात संशयाचा मोसम. सिंहगडाच्या बाजूला जरा काळं दिसलं की वाटतं, आलाच वळीव. कबुतर कठड्यावर बसलं की वाटतं, ह्याचा डोळा आपल्याच पापडांवर. वरच्या मजल्यावरची मुलं गच्चीत क्रिकेट खेळायला आली की त्यांच्या खिशांकडे बघायचं. धायरीत तर आणखी एक शत्रू आहे, धूळ. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मागच्या बाजूला ज्वारी उभी असायची आणि एक म्हातारे शेतकरी कुंपणापलीकडून विचारायचे, “काय बाई, पाणी हाय का आज?” आता ज्वारीच्या जागी बारा मजले उभे राहतायत. कुरडया घातल्या की त्यांच्यावरून जुनं सुती पातळ पांघरायचं, त्याच्या चारी कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या आणि तरीही दर तासाला जाऊन बघून यायचं. उन्हात प्लास्टिकचा कागद तापला की त्याचाही एक वास येतो. यायचा. आता तो मी आठवणीतून घेते, आणि मन किती खरं सांगतंय कोण जाणे.

तीन उन्हाळ्यांपूर्वीचा तो मोसम मात्र वेगळा होता. त्या वर्षी गोखलेबाई न बोलावता दारात आल्या.

“अहो, तुमच्याकडे काही मेलंय का?”

“नाही. का?”

“बघा तरी. उंदीरबिंदीर.”

“कुरडयांचा गहू आहे तो. तुमच्याकडे आयत्या आणतात ना, म्हणून ओळखीचा नसेल वास.”

“वास ओळखीचाच आहे हो,” गोखलेबाई म्हणाल्या, “पण इतका नसतो.”

त्यांचं बरोबर होतं. आईनं मला शिकवलं होतं, दिवस मोजू नकोस, गहू आपण होऊन सांगतो. मी त्याच्या सांगण्याची वाट बघत बसले होते आणि तो बिचारा केव्हापासून बोंबलत होता. कुरडया आंबट झाल्या. मी आधी दुकानदारावर संशय घेतला, मग टँकरच्या पाण्यावर. आमच्याकडे पाणी असं की नळाच्या तोंडावर आणि बादलीच्या काठावर पांढरा थर धरतो, खरवडला तरी निघत नाही. नाकाचं म्हणाल, तर जो तो सांगायचा, “कोरोनात गेला असेल वास, येईल परत.” मीही मान डोलवत होते. मनात मात्र पाल चुकचुकत होती, कारण कोरोना होऊन गेल्यावरही मला मोगऱ्याचा वास आलेला पक्का आठवत होता.

दुसरा घाणा घातला, तेव्हा चीक हाटताना उजवा हात ऐकेना. दुखत नव्हता. पातेल्यात गुठळी दिसायची, मी हाताला सांगायची, हलव, आणि तो जरा विचार करून हलायचा. मी आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं. सांगितलेलं काम विचार करून करणारी मुलं मला ठाऊक होती. पण ती निदान खिडकीबाहेर तरी बघत असत.

प्रज्ञा त्या रविवारी आली होती. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. इथल्याच एका प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूतल्या पेशींवर काम करते. वाळवणाला मदत करायला येते, म्हणजे गरम चिकात दूध-साखर घालून खायला येते. खाऊन झाल्यावर वाटी हातात घेऊन ती गच्चीवर आली आणि कागदाच्या कडेकडेनं चालत गेली. मग परत आली. पुन्हा गेली.

“मावशी, ही ओळ तूच घातलीस?”

“नाही, तुझ्या काकांनी. बांगड्या सावरून.”

ती हसली नाही. “पहिली कुरडई बघ. आणि ही शेवटची बघ.”

पहिली बशीएवढी होती. पुढची जरा कमी. तशीच ओळ लहान लहान होत गेली होती आणि टोकाची तर बांगडीतून निघाली असती. “चीक संपत आला होता,” मी म्हटलं. माझ्यामागेच अर्धं पातेलं भरलेलं होतं. ते तिनंही पाहिलं आणि मीही. खाली आल्यावर तिनं पेन दिलं आणि म्हणाली, काहीतरी लिही. मी फळ्यावर लिहायचे तसा एक सुविचार लिहिला. ओळीच्या सुरुवातीला माझं अक्षर होतं, शेवटी मुंग्या होत्या. मी पेन बदलून मागितलं. तिनं दिलं. मुंग्या तशाच राहिल्या.

डॉक्टरांनी मला त्यांच्या दवाखान्याच्या बोळात चालायला लावलं. एवढंच? मला वाटलं, ह्याला फी देतात? ते म्हणाले, “चालताना तुमचा उजवा हात हलत नाही, लक्षात आलंय का?” स्वतःचा हात चालताना हलतो की नाही, हे कोण बघतं? आणखी तपासलं, औषध देऊन पाहिलं आणि मग नाव सांगितलं. पार्किन्सन, आपल्याकडे कंपवात म्हणतात तो. मी म्हटलं, “मला कंप नाही, वातही नाही.” ते म्हणाले, “सगळ्यांना कंप असतोच असं नाही.” पुढे म्हणाले, वास जाणं हेही बऱ्याच जणांत वर्षानुवर्षं आधी सुरू होतं. म्हणजे माझ्या डोक्यात काहीतरी चाललं होतं आणि त्याची खबर मला सोडून सगळ्यांना होती. गव्हाला होती, गोखलेबाईंना होती, कुरडयांना होती.

पुढच्या रविवारी प्रज्ञानं आम्हाला दोघांना समोर बसवलं आणि समजावलं. तिनं मोबाइलवर तिच्या प्रयोगशाळेतलं एक चित्रण दाखवलं. काळ्या पडद्यावर हिरवट ठिपके. त्यातला एक ठिपका उजळत होता, विझत होता, पुन्हा उजळत होता.

“ही एक नर्व्ह सेल आहे, उंदराची. उजळते ना, तेव्हा आत कॅल्शियम येतंय. मावशी, ह्या सेल्स ना, वेड्या असतात. कोणी काही सांगितलं नाही तरी आपल्या आपण टिकटिक करत राहतात. प्रत्येक ठोक्याला दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं. ते लागतंच, निरोप पोचवायला. पण आत रेंगाळलं तर घात करतं. म्हणून लगेच उपसून बाहेर फेकायचं. त्यात सगळी एनर्जी जाते. दिवसरात्र, आयुष्यभर.”

“सगळ्याच पेशी असं करतात?” मी विचारलं.

“थोडंफार. पण शेजारच्याच काही सेल्सकडे कॅल्शियम धरून ठेवणारं प्रोटीन भरपूर असतं. त्या बऱ्याचशा टिकतात. ह्यांच्याकडे ते कमी आणि काम जास्त. वय झालं, त्यात आणखी काही बिघडलं, की पहिल्यांदा ह्याच जातात. तुझा हात ज्यांच्या जिवावर हलतो, त्या ह्याच.”

कोणी न सांगता राबणारी, आल्यागेल्याचं करणारी, शेवटी दमून जाणारी. ही गोष्ट कुठल्या दिशेला चालली आहे, ते मला कळत होतं. महिलादिनाच्या भाषणात शोभेल अशी उपमा तयार होती. पण मला अशा उपमांचा संशय येतो. पेशी ही पेशी असते. तिला चहा टाकावा लागत नाही. तरी त्या ठिपक्याकडे बघताना मला तिची कीव आली, हे खरं.

ह्यांना कीव वगैरे आली नाही. ह्यांची नोकरीची वर्षं जकात नाक्यावर गेली. शहरात येणारा प्रत्येक ट्रक चोर, हे गृहीत धरून ह्यांनी पस्तिशी ते साठी काढली. भुशाच्या पोत्यांखाली काय आहे हे पोत्यांकडे न बघता ड्रायव्हरकडे बघून ओळखायचे, असं त्यांचे सहकारी सांगतात. ते पुढे सरकून बसले.

“म्हणजे आत शिरून घात करतो, तो माल कॅल्शियम. बरोबर?”

“हो काका, पण—”

तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला. धायरीच्या उन्हाळ्यात टँकर आला की माणूस हातातला घास टाकून मोटर चालू करायला धावतो. हेही धावले. ‘पण’च्या पुढचं वाक्य मी एकटीनं ऐकलं आणि सगळं मलाही कळलं नाही.

त्यानंतर घरातून वस्तू नाहीशा व्हायला लागल्या.

आधी नाचणीच्या पिठाचा डबा गेला. मग तिळाच्या चटणीची बरणी. मग पानाच्या तबकातली चुन्याची डबी. हाडांसाठी मी कितीतरी वर्षं घेत असलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या ठेवल्या जागी नसायच्या. दही लावलेलं आठवायचं आणि सकाळी बघावं तर विरजणाचं भांडं धुऊन पालथं घातलेलं. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, “तूच कुठे ठेवलं असशील. आठव.”

आठव. हा शब्द त्या दिवसांत मला चाकूसारखा लागायचा. हात गेला तर गेला, डावा आहे. वास गेला, गोखलेबाई आहेत. पण मन गेलं तर? मी घाबरले. शाळेत एक सहकारी होत्या, भूगोल शिकवायच्या. शेवटी शेवटी त्या मला ओळखत नव्हत्या, पण फार अदबीनं “आपण कोण?” म्हणून विचारायच्या. मी माझ्यावरच पाळत ठेवायला लागले. वस्तू ठेवताना मोठ्यानं म्हणायची, “चटणी, मधला कप्पा.” कपडे वाळत घालताना स्वारगेटपासूनचे बसथांबे मनात घोकायची, दांडेकर पूल, राजाराम पूल, विठ्ठलवाडी, माणिकबाग, धायरी फाटा. एखाद्या थांब्यापाशी अडखळले की पुन्हा स्वारगेटपासून सुरू करायची. मग आठवायचा, आणि मग वाटायचं, हा खरोखर आठवला की आत्ता रचला?

संशय दुसऱ्यावर असला की माणसाला बळ येतं. भांडता येतं, दारात उभं राहून दोन शब्द सुनावता येतात. स्वतःवरच आला की बोलायलाच कोणी उरत नाही. मी भाजीवालीशी बोलेनाशी झाले. फोन आला की ह्यांच्याकडे द्यायची. प्रज्ञाला काही सांगितलं नाही, कारण ती डॉक्टरांना सांगेल, डॉक्टर आणखी एखादं नाव सांगतील आणि नाव मिळालं की ती गोष्ट खरी होऊन घरात राहायला येईल. ह्यांच्याकडे मात्र बघत असायची. मला वाटायचं, ह्यांना कळलंय, म्हणूनच माझी नजर चुकवतायत.

वैशाखातली बुद्धपौर्णिमा आली. जयंतीच्या निळ्या पताका अजून गल्लीत लटकत होत्या, उन्हानं फिकट झालेल्या. विहारात सकाळची वंदना झाली. वंदना मला सगळी आली, एक शब्द चुकला नाही, आणि त्या आनंदात मी खिरीच्या रांगेत उभी राहिले. पातेल्यापाशी एक मुलगी वाट्या भरत होती. माझी वाटी पुढे केली, तर तिचा डाव अडला. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मी वळले. हे चार माणसांमागे उभे राहून तिला खूण करत होते, नको, नको, हिला नको.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मी त्या दिवशी भर उन्हात पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या अडवणारा माणूस रांगेत पकडला गेला होता आणि त्याला हात कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं.

“का नको?” मी विचारलं.

“अगं, दुधाची आहे.”

“खीर दुधाचीच असते.”

“दुधात कॅल्शियम असतं,” हे हळूच म्हणाले. “नाचणीत सगळ्यात जास्त. तिळात पण. मी सगळं बघितलंय.”

विहाराच्या बाहेर, कडुनिंबाखाली, ह्यांची स्कूटर उभी होती. मी म्हटलं, डिकी उघडा. उघडली. आत नाचणीचा डबा, चटणीची बरणी, चुन्याची डबी, गोळ्यांची पाकिटं, असा सगळा जप्त माल एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. फेकवत नव्हतं, म्हणून जवळ ठेवलं होतं. “तुला सांगितलं असतं तर तू ऐकली असतीस का?” ते म्हणाले. “तिकडं डोक्यात रोज शिरतंय ते, आणि इथं आपण वाट्या भरभरून आत सोडतोय. मी काय नुसतं बघत बसू?”

मला राग यायला हवा होता. आला, पण नंतर, भरपूर आला. त्या क्षणी मात्र मी कडुनिंबाच्या कट्ट्यावर बसले आणि रडले. येणारेजाणारे बघत होते. हे घाबरून म्हणत होते, “अगं, घे खीर, मी आणतो, दोन वाट्या आणतो.” त्यांना वाटलं, मी खिरीसाठी रडतेय. मी रडत होते, कारण चटणी मी मधल्या कप्प्यातच ठेवली होती. दही मी लावलं होतं. माझं मन जागच्या जागी होतं.

संध्याकाळी प्रज्ञानं काकांची हजेरी घेतली.

“काका, खाल्लेलं कॅल्शियम आणि सेलमधलं कॅल्शियम ह्यांचा असा थेट संबंध नसतो. रक्तात ते किती ठेवायचं, हे शरीर फार कडक सांभाळतं. तुम्ही खायला दिलं नाहीत, तर ते हाडांतून काढून घेईल. मावशीचा तोल आधीच कमी झालाय. पडली, हाड मोडलं, मग?”

हे नळाच्या तोंडावरच्या पांढऱ्या थराकडे बघत होते. त्याच्यावरही त्यांचा संशय होता, हे नंतर कळलं.

“मग ती दारंच बंद करायची गोळी नाही का?” शेवटी त्यांनी विचारलं.

“तसल्या गोळ्या आहेत. देऊन बघितल्या लोकांना. आजार थांबला नाही.” ती काकांकडे वळून बसली. “खरं सांगू का काका? कॅल्शियमवर आमचाही संशयच आहे. दाट आहे. पण तो एकटा नाही, आणखी बरेच जण सामील आहेत, आणि कोणी काय केलं ते अजून नीट सिद्ध करता येत नाही.”

हे ऐकून ह्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. शास्त्रज्ञही नाक्यावरच उभे आहेत, हे त्यांना पटण्यासारखं होतं.

प्रज्ञा निघाली, तेव्हा मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि इतके दिवस गिळलेलं विचारलं. “पुढे मनही जातं का गं ह्याच्यात?”

तिनं चप्पल घालता घालता माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायची संधी तिला होती. “काहींचं जातं, मावशी. बऱ्याच वर्षांनी. सगळ्यांचं नाही.”

“माझं जायला लागलं तर मला कळेल?”

“कदाचित आधी काकांना कळेल,” ती म्हणाली.

त्या रात्री आम्ही दोघांनी एक ठरवलं. घरातली कुठलीही वस्तू ह्यांनी हलवली, तर मला सांगायचं. काहीही असो, सांगायचं. मी विचारलं आणि त्यांनी हलवली नसेल, तर स्पष्ट नाही म्हणायचं. माझं मन कुठवर आलंय, हे मला त्यावरूनच कळणार होतं. मी त्यांना शपथ घातली. त्यांनी घेतली. गेली तीन वर्षं ती त्यांनी काटेकोर पाळली. “चष्मा मी उचलला.” “किल्ली मी नाही बघितली, तूच बघ.” त्यांच्या प्रत्येक ‘मी नाही’नंतर वस्तू मला सापडायची, जिथे ठेवली असं वाटत होतं तिथेच, फार तर शेजारी.

हे सांगता सांगता गहू झाला, गोखलेबाईंनी काल नाक दाबलं. आज चीक शिजला. हाटायला आता ह्यांचा हात असतो, मी नुसती बाजूला उभी राहून गुठळ्या दाखवते. सोऱ्या काढला, तर त्यातली कुरडईची बारीक भोकांची चकती नाही. बाकीच्या सगळ्या होत्या. मी खण पाहिले, डबे पाहिले. चीक गार होत होता. मी मनाशी म्हटलं, दांडेकर पूल, राजाराम पूल.

“अहो,” मी विचारलं, “चकती तुम्ही हलवलीत का?”

त्यांनी हाटणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा दिसत होता, मला माहीत नाही.

“हो,” ते म्हणाले. “मीच. सांगायचं राहिलं.”

“कुठे ठेवलीत?”

“अगं, इथेच कुठेतरी.” ते फडताळाकडे गेले, मग औषधांच्या खणाकडे, मग उगाच बाहेरच्या खोलीत. परत येऊन दारात उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “केवढी असते गं ती? मोठी असते का?”

मला ती फ्रिजमध्ये सापडली. कोथिंबिरीच्या जुडीबरोबर, ओल्या फडक्यात, मी बांधते तशा गाठीत. ती गाठ ह्यांना बांधता येत नाही. फडकं हातात धरून मी फ्रिजच्या गारव्यात जरा वेळ उभी राहिले. मग गाठ सोडली, चकती धुतली आणि सोऱ्यात बसवली.

“सापडली?” ह्यांनी विचारलं.

“सापडली. तुम्ही ठेवलीत तिथेच होती.”

“बघ, म्हटलं ना मी,” ते म्हणाले. चीक भराभर सोऱ्यात भरला आणि आम्ही गच्चीवर गेलो.